येते म्हटलं आणि अडकले

मी केमिस्ट्रीची मास्तरीण. शेजारीपाजारी कुणाला बाहेरची बाधा झाली म्हणून लिंबू उतरवायला निघाले, की मी म्हणायचे, आधी रक्त तपासून या. आजही म्हणते. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण लिहिते.

दिग्रसची गोष्ट. कापसाची पार वाट लागली होती, त्या वर्षांतली. आमच्या घराजवळची सरकी काढायची जिनिंग मिल सीझनभर बंदच राहिली, म्हणून मालकांनी मोकळी शेड महिला मंडळाला कार्यक्रमासाठी दिली. दुपारचा कार्यक्रम — प्रत्येकीने जगातली एक बाई उभी करायची. कुणी राणी झाली, कुणी शास्त्रज्ञ. माझ्या वाट्याला युरोपातली एक जुनी सिनेनटी आली. नाव लिहीत नाही, आमच्या घरात अजूनही कुणी घेत नाही.

एका जुन्या मासिकात तिच्यावर लेख होता, तेवढंच माझं भांडवल. धोबिणीची मुलगी. कोवळ्या वयात पडद्यावर आली, देशोदेशी गाजली. नवरा दिग्दर्शक. शूटिंग संपलं की तिला बंगल्यात कोंडून ठेवायचा, आणि गावभर पोस्टरवर तिचा हसरा चेहरा. एक दिवस दार उघडं सापडलं. "मी जाते" एवढंच मोलकरणीला म्हणाली आणि निघाली, ती पुन्हा कुणाला दिसलीच नाही. माझं एकपात्रीही तिथेच संपत होतं — एवढं म्हणायचं आणि स्टेजला लागून असलेल्या शेडच्या मागच्या दारातून बाहेर पडायचं.

घरी तालीम करत होते, तर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जातो कायले म्हणून राह्यली? निघताना येतो म्हणावं मानसानं."

"अहो आई, ती परत येणारच नाहीये."

"ते तिचं झालं. शब्द तुह्या तोंडून निघून राह्यला ना."

वाद कोण घालणार? मी वाक्य बदललं.

कार्यक्रम छान रंगला. शेवटी "येते मी" म्हणून दाराकडे वळले. दार सताड उघडं, बाहेर ऊन. आणि पाय उंबरठ्याशी थांबले, उचलेचनात. मग माझी मीच मागे फिरले, खुर्चीत बसले आणि पहिल्यापासून सुरू केलं... "माझी आई लोकांचे कपडे धुवायची." बायकांना वाटलं हाही नाटकाचाच भाग, टाळ्या पडल्या. पुन्हा दार. पुन्हा खुर्ची. आतून मी ओरडत होते, मला थांबवा — पण तोंडातून तिचंच आयुष्य निघत होतं. आता तर लेखात नसलेल्या गोष्टीही यायला लागल्या. खिडकीला ठोकलेल्या फळ्या. दाराबाहेरून आत सरकवलेलं ताट. समोर सासूबाईंजवळ माझी लहान लेक बसली होती, तिला हाक मारता येईना. आता मरेपर्यंत आपण हेच म्हणत राहणार, या विचाराने मी पार गळून गेले.

सासूबाई उठल्या. जन्मात कधी स्टेजवर न चढलेली बाई, पण तरातरा वर आल्या. माझा हात घट्ट धरला आणि माझ्या शेजारी, रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या, "माह्यंच चुकलं वं माय. तू नको येऊ आता. जाय."

मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि मला ओढून बाजूला झाल्या, बोळातून कुणी जाताना आपण वाट देतो ना, तशा. माझे पाय मोकळे झाले. मी लेकीला उचललं आणि रडत रडत त्याच दारातून बाहेर पडले.

आमचे हे म्हणतात, टेन्शन. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास. बरं, माझ्यापुरतं तेही मानते. पण सासूबाईंनी वाट कुणाला दिली, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. त्यांनाच विचारलं, तर माझ्याकडेच नवलाने बघत राहिल्या.

"तुले दिसली नाही काय? किती थकेल होती बिचारी. पायात चप्पलबी नव्हती, अन् बाहेर केवढं ऊन."