डोळे मिटून मारलेला टोमणा

आमच्या यमुताई मिशन हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झाल्या, पण पाय अजून वॉर्डातलेच. एका जागी बसणं त्यांना कधी जमलं नाही. तरी त्या शनिवारी हुडकेश्वर वस्तीतल्या घरात त्यांच्या ज्या येरझारा चालल्या होत्या, त्या बघून मलाच गरगरायला लागलं. गॅसवर मनुका उकळत होत्या. रविवारी चर्चमधल्या प्रभुभोजनाला लागणारा मनुकांचा रस गेली अठरा वर्षं त्या आणि शामलाताई मिळून करतात. एक मनुका निवडते, दुसरी रस गाळते. या वेळी शामलाताई नव्हत्या.

कारण सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. महापालिकेच्या निवडणुकीत दोघी दोन पक्षांच्या झाल्या. कबरस्तानाची भिंत पडलेली, आत कुत्री फिरतात, यमुताईंचे यजमान तिथेच आहेत. आणि सत्तेतल्या पक्षाचे पुढारी दर निवडणुकीला भिंतीचं गाजर दाखवतात. त्याच पक्षाने मनीषनगरला शामलाताईंच्या गल्लीत नळ आणला. शामलाताईंनी त्यालाच मत दिलं आणि सांगूनही टाकलं.

मग माझ्या घरी शुक्रवारची प्रार्थनासभा झाली. यमुताईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे प्रभू, बादलीभर पाण्यासाठी जे आपल्या मेलेल्यांना विसरले, त्यांचे डोळे उघड."

आम्ही सवयीने आमेन म्हटलं. मी तर जरा मोठ्यानेच. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा मजा वाटली होती. तोंडावर बोललं तर माणूस उलट बोलू शकतो, पण प्रार्थनेला कोण उलट बोलणार? शामलाताईंचं आमेन आलंच नाही. चहा न घेता त्या गेल्या, त्यानंतर तीन शुक्रवार आल्या नाहीत.

मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाजवळ, म्हणजे प्रभुभोजनाला, जायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. यमुताईंनी रस ढवळला, झाकला, पुन्हा उघडला.

"नूपुर, मी उद्या भोजन नाही घेणार."

"काहून?"

"सगळं माहीत असून इचारून राहिली?" त्यांनी गॅस बंद केला. "गाडी काढ वं."

स्कूटीवर मागे बसून त्यांनी दोनदा "परत फिरव" म्हटलं आणि दोनदा "चाल, चाल" म्हटलं. मी ऐकलंच नाही असं दाखवत गाडी चालवत राहिले.

शामलाताईंनी दार उघडलं, पाणी दिलं, पण हसल्या नाहीत.

"माझं चुकलं," यमुताई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "पण तुझं मतही चुकलंच."

मी कपाळाला हात लावला.

"माफी मागाले आली का प्रचार कराले?" शामलाताई भडकल्या. "दोन वर्षं मी टँकरच्या रांगेत उभी राहिली. तुझ्या घरी बोअर आहे. तुले काय समजणार!"

"हे तू मले कधी सांगितलं नाही."

"तू इचारलं कधी?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत यमुताई दाराकडे वळल्या. पण आमच्यात प्रार्थनेशिवाय कोणाच्या घरून उठत नाहीत, भांडण असलं तरी.

"बस," शामलाताई म्हणाल्या. "आज मी करते."

आता परतफेड होणार, याची मला खात्री होती. यमुताईंनाही असावी. त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. मीही एक उघडा ठेवला.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, यमूच्या गुडघ्यांना आराम दे. तिच्या यजमानांच्या कबरीजवळ कुत्री जाऊ देऊ नको. मी दर सोमवारी जाऊन बाभळीच्या काट्या लावते, पण गाई पाडतात गा देवा, टिकत नाहीत. तिथं भिंत होऊ दे, कोणीही बांधो. येशूच्या नावाने मागते, आमेन."

मी आमेन म्हटलं. या वेळी हळूच.

यमुताईंच्या तोंडून आमेन फुटेना. गालांवरून पाणी ओघळत होतं. मला स्वतःची लाज वाटली. शामलाताई डोळे मिटून, हात जोडून तशाच थांबल्या होत्या.

"आमेन म्हण ना वं, यमू," शेवटी त्या म्हणाल्या. "मले अजून रसाची गाळणी शोधायची आहे."