कडुनिंबाला बांधलेलं छत

माझी लेक वैशाखात जन्मली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे सासूबाईंना मान्य होतं. माहेरचं छत तेवढं मान्य नव्हतं. त्यांचा फ्लॅट शहरात, चौथ्या मजल्यावर. आमचं घर शहराबाहेर वाडीला, गोदामांच्या मागच्या वस्तीत. दोन खोल्या आणि वर टिनाचे पत्रे.

"उन्हाळ्यात टिनाखाली बाळ म्हणजे तव्यावर पोळी," त्या दवाखान्यातच म्हणाल्या होत्या.

बाबांनी हात जोडले. "विहीणबाई, सव्वा महिना द्या फक्त. पोरीले आन् नातीले गरम हवा लागू देणार नाही मी."

"बघते," त्या म्हणाल्या. "त्रास होतो असं दिसलं, की त्याच दिवशी घेऊन जाईन."

हा सव्वा महिना बाबांना का हवा होता, ते मला ठाऊक होतं. माझी शाळा आमच्या गावी, कोंढाळीला झाली. तेव्हा बाबा वाडीच्या गोदामात ट्रक भरायचे आणि आठवड्यातून एकदा घरी यायचे. मी कॉलेजात गेले म्हणून त्यांनी वाडीला ही जागा घेऊन आम्हाला आणलं. गोदामातले रिकामे लाकडी खोके ठोकून माझं टेबल केलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. पदवी झाली, नोकरी लागली, लग्न झालं, आणि त्यानंतर त्या घरात मी सलग अशी राहिलेच नाही. टेबल मात्र अजून जागेवर होतं. बाळाचे कपडे आईने त्याच्यावरच घडी करून ठेवले होते.

बाबांनी तयारी केली ती त्यांच्या पद्धतीने. कूलरला नवा वाळा भरला. मग ओळखीच्या शेतातून तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीची वाळलेली झाडं, गाडी भरून आणल्या आणि पुढच्या खोलीच्या टिनावर त्यांचा जाड थर दिला. त्याने खोली खरोखर थंड होते. पण थर नीट बसावा म्हणून पत्र्यांवर वर्षानुवर्षं ठेवलेले दगड त्यांनी खाली उतरवले.

आई म्हणाली, "दगड काहून काढून राहिले? वावधान-वारं आलं म्हणजे?"

"दोर कशाले हाय मंग? ट्रकवर दोर मारतो मी, कलकत्त्यापर्यंत एक पोतं हालत नाही. हे तं घर हाय."

"ट्रक आन् घर सारखंच दिसते तुमाले."

बाबांनी खरोखर ट्रकसारखाच दोर मारला. तुऱ्हाट्यांवरून आडवातिडवा, खेचून, पायाचा रेटा देऊन. दोराचं एक टोक खिडकीच्या गजांना बांधलं. दुसऱ्या बाजूला ट्रकला असतात तसे लोखंडी हूक नव्हते, कडुनिंब होता. त्याच्या जाड फांदीला त्यांनी गोदामात प्रसिद्ध असलेली आपली गाठ मारली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि मिशीत हसले.

वादळ दुपारी आलं. आधी कूलर थांबला, म्हणजे लाइट गेली. मग अमरावती रोडवरचे हॉर्न एकदम दूर गेल्यासारखे वाटले आणि दारातून पिवळी धूळ आत शिरली. बाबांनी दार लावून घेतलं. पुढच्याच मिनिटाला टिनावर गारा पडायला लागल्या. एवढा आवाज, की शेजारी बसलेल्या आईचे नुसते ओठ हलताना दिसत होते. ती त्रिसरण म्हणत होती. मधेच थांबून माझ्या कानाशी ओरडली, "गॅस बंद केला का वं?" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बाळ माझ्या मांडीवर गाढ झोपलं होतं. एरवी चमचा पडला तरी दचकणारं!

गारा थांबल्या आणि वारा वाढला. तेव्हा तो आवाज ऐकू आला. पुढच्या खोलीवर कर्र करून काहीतरी उचललं जायचं आणि धाडकन बसायचं. पुन्हा कर्र, पुन्हा धाडकन. बाबा खिडकीशी गेले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे बाप्पा!"

ट्रकचा हूक जागचा हलत नाही. कडुनिंब हलत होता, चांगला गदागदा हलत होता. तो पलीकडे गेला की आमचं छत ओढायचा, अलीकडे आला की सोडायचा. वारा जेवढं उचलत नव्हता तेवढं बाबांची गाठ उचलत होती.

ते दाराकडे धावले. आईने मागून त्यांचा सदरा धरला. "भाईर जाऊ नका! कोनाचे टिन उडून राहिले, गर्दन कापून जाईन!"

"बाई, तू लेकरू घेऊन मागच्या खोलीत जा," बाबा मला म्हणाले. "तिथं दोर नाही." मी गेले, लोखंडी पलंगाखाली सरकले आणि बाळाला छातीशी धरलं. दारातून बाबा दिसत होते. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून ते गाठ सोडवत होते. त्यांची गाठ एका झटक्यात सुटते अशी ख्याती होती, पण ओला दोर ताणून घट्ट बसला होता. "विळा दे वं!" ते ओरडले. आईने विळा दिला. बाबा स्वतःचाच दोर कापत असताना पुढच्या खोलीवरचे दोन पत्रे उखडले, आणि तिथे एकदम राखाडी आभाळ दिसलं. मग दोर तुटला, सापासारखा सळसळत छतावरून निघून गेला. मागची खोली राहिली.

वादळ निवळल्यावर आम्ही बाहेर आलो. तुऱ्हाट्या अख्ख्या वस्तीत पसरल्या होत्या. शेजारच्या काकू आपल्या अंगणातून ओरडल्या, "काय हो भाऊ, चुलीले जळण घरपोच धाडलं! पाणी तापवायले येऊ का बाळंतिणीचं?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. एक पत्रा गोदामाच्या भिंतीला टेकलेला सापडला, दुसरा दुमडून गेला होता. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "वादळाचं ऐकून सकाळी विहीणबाई येतील. तुझं सामान भरून ठेवतो. त्याईचं बरोबर होतं."

सकाळी माझी पिशवी दाराशी होती. टेबलावरचे बाळाचे कपडे बाबांनी एकेक करून भरले होते, मोठ्या माणसाच्या कपड्यांसारख्या मोठमोठ्या घड्या घालून.

सासूबाई माझ्या नवऱ्याच्या स्कूटरवरून आल्या. त्यांनी आधी बाळाला घेतलं, हात-पाय तपासले, मग पुढच्या खोलीत उभं राहून वर पाहिलं.

"घेऊन जा," बाबा खाली पाहत म्हणाले. "शब्द नाही पाळता आला माझ्यानं."

सासूबाईंनी विचारलं, "बोअरिंगला पाणी आहे का तुमच्या?"

"हातपंप हाय नं जी. चालू हाय."

"मग आधी मला आंघोळ करू द्या."

माझा नवरा हसायला लागला. त्यांच्याकडे काल दुपारपासून लाइट नव्हती, म्हणून मोटर नव्हती, म्हणून पाणी नव्हतं. लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर सासूबाई रात्रभर पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या.

आंघोळ करून, आईचं लुगडं नेसून त्या बाहेर आल्या, तेव्हा कडुनिंबाखाली बाज टाकून बाळाला निजवलं होतं. झाडाच्या बऱ्याच डहाळ्या मोडल्या होत्या, तरी सावली होती आणि वारं होतं. "तिकडे नेऊन कुठे ठेवू हिला?" त्या म्हणाल्या. "लाइट येईपर्यंत मीच राहते इथं."

त्यांच्या फ्लॅटची लाइट दुसऱ्या दिवशी आली. सासूबाईंनी ते फोनवर ऐकलं आणि आईला सांगितलं, "आज मालिश मी करते, तुमचा हात जड आहे." आई म्हणाली, "जड हातानंच तुमची सून मोठी केली." दोघी मालिश अर्धी अर्धी करायला लागल्या.

बाबांनी दुमडलेला पत्रा ठोकून सरळ केला, दोन्ही पत्रे पुन्हा बसवले आणि दगड एकेक करून वर चढवले. शेवटी विळा घेऊन ते कडुनिंबाकडे वळले. फांदीवर त्यांची गाठ अजून तशीच होती, दोराचं टोक लोंबत होतं. ती रोज डोळ्यांसमोर नको होती त्यांना.

"कापू नका," सासूबाई बाजेवरून म्हणाल्या. "गाठ पक्की आहे का?"

"गाठ तं पक्कीच हाय," बाबा म्हणाले. "झाड हालते."

"मला हलणारंच पाहिजे." त्यांनी आईचं ते धुऊन वाळवलेलं लुगडं पुढे केलं. "झोळी बांधा. सव्वा महिना व्हायला अजून वेळ आहे."

बाबांनी झोळी बांधली. दोराला दोन्ही हातांनी लोंबकळून स्वतःचा भार देऊन पाहिला, आई "उतरा, फांदी मोडन!" म्हणेपर्यंत. मग बाळाला आत ठेवलं आणि झोका द्यायला हात पुढे केला. पण वारं होतंच. झोळी आपली आपण हलत होती. ते तिथेच जमिनीवर बसले, आणि कामावर जायची वेळ झाली तरी उठले नाहीत.