'गाळप'मधला भोंगा

रूथवहिनींचा फोन आला तेव्हा मी पारनेरच्या स्टँडवर नगरच्या गाडीची वाट पाहत होतो. पुढं श्रीरामपूरला जायचं होतं, त्यांच्या नवऱ्याकडं, सायमनकडं. माफी मागायला. "घाई करू नका भाऊजी," त्या म्हणाल्या, "सकाळीच गेले ते..." पाच आठवडे झाले. दुःख आहेच, पण खरं सांगतो, संताप जास्त आहे.

तरुणपणी आम्ही चौघांनी 'गाळप' नावाची कॅसेट काढली. प्रोग्रेसिव्ह रॉक, एकच रचना वळणं घेत अठरा मिनिटं चालायची. सायमन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, मी ड्रम्स. रविवारची उपासना आटोपली की बंद जिनिंगच्या गोदामात रेकॉर्डिंग. सायमनची आई ऊसतोडीला जायची, तिचीच ती गोष्ट. शेवटाला आलो आणि साखर कारखान्याचा भोंगा वाजला. मी वैतागून काठ्या टाकल्या. सायमन थांबला नाही. त्यानं भोंग्याचा सूर पकडला, ऑर्गन तिथंच नेऊन ठेवला. "ऱ्हाऊ दे रे, आई ह्याच्यावरच उठायची." कॅसेट कुणी घेतली नाही. दुकानदार विचारायचे, "भजन हाय का इंग्लिश?"

गेल्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीला ती पुन्हा काढायची हुक्की आली. मूळ टेप माझ्याकडं होती. सायमन दवाखान्यात होता. त्याला न विचारता मी सही केली, टेप देऊन टाकली. चकचकीत तबकडी आली, ती मी सायमनला नेऊन ऐकवली. सायमन डोळे मिटून ऐकत होता, शेवटाला ताडकन उठून बसला. "भोंगा कुठंय?"

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा पोरगेला आवाज म्हणाला, "काका, तो नॉइज होता, आम्ही क्लीन केला. आणि अठरा मिनिटांचे चार ट्रॅक केलेत. एवढं सलग कोण ऐकतं आता?" मूळ टेप? बुरशी लागली होती म्हणे, टाकून दिली. टाकून दिली! एका बाईचा सगळा जन्म त्यांनी कचऱ्यात घातला आणि वर मला काका म्हणाले.

सायमन ओरडला नाही. "सही करायच्या आदी मला एकदा इचारायचं हुतंस," एवढंच म्हणाला. मग मी तीन महिने तोंड चुकवत राहिलो. त्याचा राग जाईल म्हणून थांबलो, असं स्वतःला सांगत होतो. खोटं. माझी हिंमत होत नव्हती.

आता सगळ्यांना तो 'उपेक्षित प्रतिभावंत' वाटू लागलाय. जिवंतपणी त्याच्या दारात न फिरकलेले लोक लेख लिहितायत. कंपनीनं तर दुसऱ्या आवृत्तीसाठी वहिनींकडं फोटो मागितला. परवा त्यांच्या घरी गेलो आणि मी, निर्लज्जासारखा, म्हणालो, "द्या वहिनी, निदान चेहरा तरी कळंल लोकांना."

"कशाला?" वहिनी कडाडल्या. "तोंडावरचे देवीचे वण पुसून टाकतील. तेबी साफ करतील!"

मी उठून आतल्या खोलीत गेलो. ऑर्गनवर कापड झाकलेलं, समोर त्याचं स्टूल. मी स्टूल ओढलं.

"तिथं नका बसू," दारातून वहिनी म्हणाल्या.

मी उभाच राहिलो.