दाजींचा बी ग्रुप

जगातलं यच्चयावत दुःख अकरावीला चुकीचा ग्रुप घेतल्यामुळे निर्माण झालं आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमच्या दाजींच्या मते परमेश्वराने माणसं दोनच प्रकारची घडवली: ए ग्रुपची, म्हणजे गणितवाली, आणि बी ग्रुपची, म्हणजे जीवशास्त्रवाली. जात, धर्म, पक्ष ही सगळी मागाहून उपटलेली भानगड. सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या भाजीवालीने डोळ्यांत तेल घालून तराजूचा काटा पाहिला की दाजी पुटपुटायचे, "ए ग्रुप." तिनेच वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकून "घरची बरी हायती का?" असं विचारलं की लगेच निकाल फिरायचा, "न्हाय, बी ग्रुप हाय." एका लग्नात अक्षता पडत असताना नवरदेव मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता, तर दाजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पक्का ए ग्रुप. पोरीचं अवघड हाय." अक्काने एकदा गंमत म्हणून विचारलं, "अहो, मग मी कुठल्या ग्रुपची?" दाजींनी तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "तू आर्ट्स."

दाजी स्वतः ए ग्रुपचे, आणि हेच त्यांचं दुखणं. खरं तर आधी त्यांनी बी ग्रुपच घेतला होता, डॉक्टर व्हायचं म्हणून. पण पहिल्याच प्रॅक्टिकलला बेडूक आडवा आला. त्या काळी कॉलेजात खराखुरा बेडूक फाडत. मेणाच्या तबकात टाचण्या मारून उताणा ठेवलेला, पोट उघडलेला तो बेडूक, आणि त्याचं हृदय आपलं चालूच! दाजी एप्रनसकट जे पळाले ते थेट कंबर तलावाच्या काठावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील कॉलेजात गेले, "बेडकाला भ्यालं, हे माणसं काय फाडतंय," असं म्हणाले आणि जीवशास्त्र काढून गणित घालून आले. पुढे डिप्लोमा झाला, टॉवेलच्या कारखान्यात मशिनींच्या देखभालीची नोकरी लागली, लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, आणि या सगळ्याचं मूळ दाजींच्या लेखी तो एक बदललेला विषय. घरातला नळ गळायला लागला तरी ते सुस्कारा टाकून म्हणायचे, "अकरावीला चूक झाली." दहावी पास झालेलं पोर त्यांच्या तावडीत सापडलं की तास-दीड तास सुटत नसे. त्यामुळे आमच्या ओळखीतले लोक निकालाचे पेढे द्यायला दाजी कारखान्यात असतानाच येत.

चारेक वर्षांपूर्वी अक्काचे पाय सुजायला लागले. सूज उतरेना म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्याच होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सुरू झालं, दर वेळी चार तास. किडनी द्यायला दाजी पुढे झाले तर त्यांना मधुमेह. मी पुढे झालो तर डॉक्टर म्हणाले, मुळात पेशंटचं हृदयच हे ऑपरेशन सोसणार नाही, डायलिसिसवर जितकं चालेल तितकं चालवायचं. हे त्यांनी दोन मिनिटांत सांगून संपवलं. त्यांचा दोष नव्हता, बाहेर माणसं भिंतीला टेकून ताटकळत उभी होती. पण दाजी त्या खोलीतून बाहेर आले ते वेगळेच. "एवढं बोलला तो," ते म्हणाले, "आन् मला काय कळलं? एक शब्द कळला न्हाई. कसा कळंल? गणित घेतलं की मी!"

त्याच सुमाराला वैद्यकीय प्रवेश परीक्षेची वयाची वरची अट उठली होती, आणि बारावीनंतर जीवशास्त्र हा विषय वेगळा दिला तरी चालतो असाही नियम आला होता. ही बातमी दाजींपर्यंत कुणी पोचवली त्याचा मी अजून शोध घेतो आहे. पन्नाशी उलटलेला हा माणूस अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं घेऊन आला, त्यांना खाकी कव्हरं घातली आणि जाहीर केलं की आधी बारावीचं जीवशास्त्र, मग प्रवेश परीक्षा, मग एमबीबीएस.

"दाजी, त्याला साडेपाच वर्षं लागतात," मी म्हणालो.

"मग लागू दे की."

"पण अक्काला..."

"तिला सांगितलंय मी. तेवढं थांब म्हणून."

"मग काय म्हणाली?"

"बघते म्हणाली."

डायलिसिसच्या वॉर्डाइतकी उदास जागा मी दुसरी पाहिली नाही. माणसाचं रक्त त्याच्या डोळ्यांदेखत नळीतून बाहेर जातं, मशिनीतून फिरून परत येतं, आणि त्याने फक्त पडून राहायचं. पाणी मोजून प्यायचं, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात. मे महिन्यात बायाबापड्या बर्फाचा खडा तोंडात धरून बसत आणि तो संपला की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत. अक्काला शेंगाची चटणी बंद, केळं बंद, शहाळं बंद. एखाद्या मंगळवारी शेजारच्या खाटेवर नवीन माणूस दिसायचा. आधीचा कुठे गेला हे तिथे कुणीही विचारत नसे. अशा जागी आमचे दाजी स्टुलावर बसून इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचायचे. शिक्षण सगळं मराठीतून झालेलं, त्यामुळे 'मायटोकॉन्ड्रिया' हा शब्द ते एखाद्या जागृत देवीचं नाव घ्यावं तसा भक्तिभावाने उच्चारत. एकदा अक्कलकोटकडचे एक म्हातारे गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. हातात जाड पुस्तक बघून त्यांनी दाजींना अदबीने विचारलं, "डॉक्टर कवा येतेत ओ?" दाजी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "साडेपाच वर्षं लागतील. पास झालो तर." सगळा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरचे एक काका तर इतके हसले की त्यांची सुई हलली, मशीन टूं टूं करायला लागली आणि नर्स धावत आली.

उजळणी घ्यायचं काम अक्काचं होतं. एका हाताला सुया टोचलेल्या, दुसऱ्या हातात पुस्तक. ती प्रश्न वाचायची, दाजी छताकडे बघत उत्तर द्यायचे आणि ती म्हणायची, "बरोबर." एका शनिवारी मी पायाशी बसलो होतो. तिने विचारलं, मोठ्या माणसात लाल पेशी कुठे तयार होतात. दाजी छातीठोकपणे म्हणाले, "यकृतात." अक्का म्हणाली, "बरोबर." पुस्तक मलाही दिसत होतं. त्यात हाडांच्या मज्जेत असं लिहिलेलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने पायाने मला ढोसलं. दाजी पुढचं पाठ करायला लागले. "साकु री," ती त्यांना कानडीत म्हणाली, "पुरे आता, जरा चहा घेऊन या." ते गेल्यावर माझ्याकडे वळली. "चूक म्हटलं की तोंड एवढंसं होतं त्यांचं. मग पुस्तक मिटतात आणि मशिनीकडं बघत बसतात. नाहीतर माझ्याकडं. चार तास तसं कुणी बघत बसलं तर माणूस आधीच मरंल की रे."

असा त्यांचा अभ्यास चालला होता. अकरावीच्या पुस्तकात किडनीवर एक धडा आहे. वॉर्डात बसून वाचावा असा तोच एक धडा, आणि तोच दाजींनी वाचला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तो बारावीला न्हाई. ऑप्शनला टाकलाय." परीक्षेला नको असलेला धडा पोरं सोडून देतात तसा. पण त्या धड्याची पानं उघडून झालेली होती, हे मला दिसत होतं. वाचलं असणार, कळलंही असणार. म्हणूनच ऑप्शनला गेला.

यंदा फेब्रुवारीत प्रॅक्टिकल झालं. दाजी इस्त्रीचा पांढरा एप्रन घालून प्रयोगशाळेत शिरले तशी सगळी पोरं उठून उभी राहिली आणि तरुण परीक्षकाने बिचकून स्वतःची खुर्ची पुढे केली. त्यांना वाटलं बाहेरून तपासायला कुणी बडे सर आले. दाजी म्हणाले, "बसा बसा, माझा पण नंबर हाय." हे ऐकून अक्का पोट धरून हसली, आणि मग धाप लागून बराच वेळ उशीला टेकून राहिली. तिचं हृदय तेव्हा थकलंच होतं. लेखी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका गुरुवारी डायलिसिस चालू असतानाच ती गेली. दाजी त्या वेळी वनस्पतींचा धडा म्हणून दाखवत होते. पुढचा प्रश्न आला नाही म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

आमच्यात सुतक पाळत नाहीत, निदान सांगताना तरी तसंच सांगतात. तिला माती देऊन चार दिवस झाले नाहीत तोच दाजी पेपरला निघाले. नातेवाईक कुजबुजले. "बायकोची माती वाळली न्हाई, आन् हा डॉक्टर व्हायला निघालाय," असं दाजींच्या चुलतभावाने मला ऐकवलं. मी त्याला पाहून घेतलं असतं, पण मला दाजींना सोडायला जायचं होतं. परीक्षा केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." एरवी दाजींनी त्याचा ग्रुप काढला असता. त्या दिवशी ते नुसतं ओळखपत्र दाखवून आत गेले.

निकाल लागला. दाजी नापास झाले. मला वाटलं, त्या अवस्थेत लिहिलेला पेपर, दुसरं काय होणार. सांत्वनाचं काहीबाही जुळवत मी घरी गेलो तर ते एकटेच बसून हसत होते, आणि डोळे पुसत होते.

"पेपर झाल्यावरच कळलं मला," ते म्हणाले. "मी लिहिलेलं बाहेर येऊन पुस्तकात बघितलं, तर निम्मं चूक. आन् सगळं घोकलेलं की रे! हिनं बरोबर, बरोबर म्हणून पाठ करून घेतलेलं. तुझ्या अक्कानं मला नापास केलं."

मला रडू आवरेना. दाजींनीच उठून मला पाणी दिलं.

पुरवणी परीक्षा जुलैमध्ये आहे आणि दाजी पुन्हा बसणार आहेत. "आता कुणाला बरं करायचंय?" असं मी एकदा जरा रागानेच विचारलं. ते म्हणाले, "कुणाला न्हाई. पण मंगळवार, गुरुवार, शनिवार येतो की. मी काय करू तेव्हा?" तेव्हापासून मी त्या तीन दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जातो आणि उजळणी घेतो. मी मास्तर माणूस, चूक ते चूक म्हणतो. दाजींचं तोंड एवढंसं होतं, पण ते पुन्हा पाठ करतात. या खेपेला बहुतेक पास होतील.

परवा शनिवारी मी विचारलं, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये जी झडप असते तिला पाकळ्या किती. दाजी छताकडे बघत म्हणाले, "तीन." पुस्तकात दोन होत्या. मी चूक म्हणायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, म्हणालो, "बरोबर."

दाजींनी छतावरची नजर माझ्याकडे वळवली.

"दोन असतेत," ते म्हणाले. "ठाऊक होतं मला. मुद्दाम चुकवलं."

मी पुस्तक मिटायला लागलो तर त्यांनी त्यावर हात ठेवला.

"मंगळवारपासनं चूक म्हण. आज एवढं बरोबर राहू दे."

मी मान हलवली, पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.