निंबाखालचा रस्ता

"झाडं मधात येऊन राह्यली, मॅडम. काढून टाका," साहेब नकाशावर स्केल ठेवत म्हणाले.

"नकाशातून की रस्त्यावरून?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दोन्हीकडून."

मी नगररचनाकार. म्हणजे शहरात घरं कुठे, बाजार कुठे, रस्ता किती रुंद, हे आधी कागदावर ठरवणारी. या नकाशाला डीपी म्हणतात, डेव्हलपमेंट प्लान. मोठी शहरं टिकाऊ आणि राहण्याजोगी कशी करायची यावर परीक्षेत मी पानंच्या पानं भरली होती. नोकरी मात्र लागली घरच्या गावी, यवतमाळला. कापसाचं गणित पार बिघडलेली ती वर्षं. बोरी अरब, फुलसावंगी, कुठून कुठून माणसं शहरात येत होती. शहर वाढत होतं आणि आमचा नकाशा जुनाच होता.

आर्णीकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता. दोन्ही बाजूंना जुने निंब. मी ट्रॅफिक काउंट केला, म्हणजे चौकात बसून येणारी-जाणारी वाहनं मोजली. पायी चालणारे यात कुणी धरत नाही. मी धरले. तेच सगळ्यात जास्त निघाले.

"आज पायी चालतात, उद्या गाड्या घेतील," साहेब म्हणाले.

"कापसाला भाव नाही साहेब, गाड्या कशाच्या जिवावर घेतील?"

"तुम्ही कायले वाद घालून राह्यल्या?"

वाद सोडला आणि साइट व्हिजिट मागितली. जीप मी पुढच्या चौकात पाठवून दिली. मे महिना, भर दुपार. निंबाखालून आम्ही मजेत चाललो. साहेबांनी मुलीच्या लग्नाचा मेन्यू पुरणापासून आईस्क्रीमपर्यंत सांगितला. मग झाडं संपली. पुढचा तुकडा आधीच रुंद झालेला होता. तिथे मेन्यूही संपला. साहेबांनी डोक्यावर रुमाल घेतला, मग रुमालावर फाइल धरली. जीप दिसली तसे ते जवळजवळ पळालेच. पाणी पिऊन म्हणाले, "बरं. झाडं ठेवून फुटपाथ दाखवा."

मी हवेत. झाडांखाली ऐसपैस फुटपाथ काढला. मग नियमाप्रमाणे लोकांचे आक्षेप मागवले. सुनावणीत सगळ्यात आधी पुष्पाबाई उभ्या राहिल्या. फुलसावंगीची शेती दिरावर सोपवून त्या शहरात आल्या होत्या. त्याच निंबाखाली शिलाई मशीन टाकून बसायच्या.

"मॅडम, झाड वाचवलं, चांगलं केलं. मंग मले काहून उठवता?"

"फुटपाथ चालायसाठी असतो, बाई. तुमची मशीन वाटेतच आहे. लोकांना रस्त्यावर उतरावं लागतं."

"मंग मी सरकतो ना. कुठी सरकू ते दाखवा."

नकाशात त्यांची जागाच नव्हती. सुनावणीभर मला ते टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी चुन्याची पिशवी घेऊन साइटवर गेले. दोन खोडांच्या मधल्या जागेतून तसंही कुणी चालत नव्हतं. तिथे दुकानांच्या जागा आखायचं ठरवलं आणि आतल्या बाजूने चालायची पट्टी मोकळी ठेवली. चुना पडायच्या आधीच पुष्पाबाई आणि शेजारच्या निंबाखालचे चहावाले काका भांडायला लागले. मुद्दा होता दुपारची सावली कुणाकडे जास्त पडते. शेवटी काकांनी जागा बदलून घेतली.

समोरच्या दुकानदारांना पार्किंग हवं होतं. साहेब म्हणाले, "एक बाजू तुम्हाला दिली. दुसरी त्यांना द्यावी लागेल." मी भांडून पाहिलं. जमलं नाही. त्या बाजूचे निंब तोडले त्या दिवशी मी ऑफिसातून बाहेर पडले नाही.

रस्ता झाला. पार्किंगही झालं. पुढच्या उन्हाळ्यात समोरचे एक दुकानदार ऑफिसात आले. "मॅडम, दुपारी आमच्या बाजूनं गिऱ्हाईक फिरकत नाही. झाडं लावता येतील काय?"

"येतील. सावलीसाठी पंधरा-वीस वर्षं थांबावं लागेल."

ते चहा पिऊन गेले. झाडं आम्ही लावली.

पुढे मी मोठमोठ्या शहरांची कामं केली. तिथल्या प्रेझेंटेशनमध्ये हिरवा रंग भरपूर असतो. रस्त्याचा सर्व्हे मात्र मी मे महिन्यात, दुपारी आणि पायीच करायला लावते. टीममधले लोक नेमके तेव्हाच रजा मागतात. मी मंजूर करत नाही.