शेंगोळ्यांचा वास

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात त्यांच्या पोटाचा कॅन्सर हाताबाहेर गेला आणि मोठ्या दवाखान्यानं ‘आता घरीच सांभाळा’ म्हणून पाठवून दिलं. घोटभर पाणीही उलटून पडायचं. मग आमच्या डॉक्टरांनी उलटीवर नवी गोळी दिली, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. ती द्यायचं काम माझ्याकडे, कारण आईचा घड्याळावर विश्वास नव्हता आणि डॉक्टरांवर तर मुळीच नव्हता.

तिसऱ्या दिवशी उलटी थांबली. दुपारी वडील मान वळवून म्हणाले, “शेंगोळे केलेत का गं? वास येतोय. दे थोडे, आज राहतील पोटात.”

स्टोव्ह थंड होता. महिनाभरात घरात कुणी हुलग्याचं पीठ मळलं नव्हतं.

आई पांढरीफटक पडली. मला आत ओढून म्हणाली, “जाणाऱ्या माणसालाच अशी भूक लागते. इच्छा पुरी झाली की संपलं. खबरदार केलेस तर!”

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “अगं, गोळीचा गुण आहे तो. बरे नाही होणार ते, पण दोन घास मागताहेत तर द्या, मऊ करून.” आईनं हुलग्याच्या पिठाचा डबाच शेजारी देऊन टाकला.

मग रोज तेच. बाराला गोळी, साडेबाराला पेज आणि मधल्या अर्ध्या तासात वडिलांचं “वास येतोय गं.” पाचव्या दिवशी तो मलाही आला, लसणाच्या फोडणीसकट. मी खिडक्या लावल्या, तरी येतच राहिला.

“तुलाही आला ना?” वडील हसले.

मी नाही म्हणाले. खोटारडी मेली! वीस वर्षांची घोडी, शेजारून वाटीभर पीठ आणता आलं असतं. पण मलाही भीती वाटत होती. मलाही वडील अजून थोडे दिवस हवे होते.

ते गेले, पेजेवरच गेले.

चौदाव्या दिवशी दुपारी पुन्हा तोच वास. मी दारातच थिजले. या वेळी मात्र स्टोव्ह खरंच पेटला होता. आईनं शेंगोळे केले होते, रिकाम्या खाटेजवळ वडिलांचं ताट मांडलं होतं.

“गोळी दिलीस का त्यांना?” तिनं मान वर न करता विचारलं.

बारा वाजले होते. मी कपाटातून एक गोळी काढली, ताटाशेजारी ठेवली आणि आम्ही दोघी अर्धा तास थांबलो.