गप्पांच्या नादात लाटलेली बाटली

सकाळचे साडेसात. दूध उतू जायच्या बेतात, धाकटीचा एक मोजा बेपत्ता, आणि आमचे हे दाढी करता करता तो मोजा तोंडाने शोधत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार ठोठावणारा आमच्या मजल्यावर एकच माणूस, समोरचे रबरकाका.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. काका एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. तिथे ते लवचिक जेलचे तुकडे ओतायचे. काचेसारखं पारदर्शक, हाताला गार आणि ओलसर. डबीतल्या ओल्या कापडातून बोटभर पट्टी काढून ते हातभर ताणून दाखवतात. सोडली की पुन्हा बोटभर. "रबर नाही रे, पाणी आहे हे. शंभरातले नव्वद भाग पाणी," हे सांगून सांगून दमले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

एवढं पाणी असून ते फाटत कसं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा माझ्या मांडीवर धाकटीचा शिवायला घेतलेला फ्रॉक होता. त्यातले टाके दाखवून काका म्हणाले, "असेच दोन तऱ्हेचे टाके असतात बघा जेलमध्ये. पक्के आणि कच्चे. ओढलं की कच्चे आधी उसवतात आणि सगळा ताण स्वतःवर घेतात, म्हणून पक्के शाबूत राहतात. सोडलं की कच्चे आपोआप पुन्हा जुळतात. तुमच्या फ्रॉकला नाही जमायचं ते." झिजलेल्या गुडघ्यात बसवायची मऊ गादी कधीतरी यातून होईल, अशी त्यांच्या साहेबांना आशा आहे.

त्या सकाळी मात्र काकांचा चेहरा उतरलेला होता. हातात एक पुडी आणि झाकणाची काचेची बाटली.

"वहिनी, गडबडीत आलो का?"

"मोजा सापडेपर्यंत वेळच वेळ आहे. बसा."

महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी दुसऱ्या विभागातून एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या, कामाला चोख, बोलायला अगदी कंजूस. कृतीचा कागद समोर ठेवून त्यांनी तीन आठवड्यांत आठ तुकडे ओतले आणि आठही फाटले. परीक्षा अशी की पट्टीच्या कडेला पात्याने बारीक चीर द्यायची आणि ओढायचं. काकांच्या पट्टीची चीर आ वासून उभी राहते, पण पुढे सरकत नाही. बाईंची चीर सरळ पलीकडच्या कडेला पोचायची.

"साहेब म्हणाले, एकाच माणसाच्या हाताला येतं ते आमच्या काय कामाचं? महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या हाताची पट्टी टिकली नाही, तर हे काम बंद."

"मग बाईंना शेजारी बसवून दाखवा ना."

"दाखवलं. त्या घड्याळ घेऊन समोर बसल्या, मी परीक्षेला बसल्यासारखा कागदाबरहुकूम वागलो. वहिनी, त्या दिवशी माझीही फाटली."

दाढीचा फेस पुसत हे बाहेर आले. काका मला म्हणाले, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. दोरीवर माझा शर्ट उलटा वाळतोय हेसुद्धा तुम्हीच सांगता. मी काम करतो, तुम्ही दिसेल ते लिहा."

पुडीत समुद्री शेवाळापासून काढलेली पावडर होती. खाण्यातही चालणारी. बाकीची रसायनं घरी आणायची नसतात. काकांनी पाणी मोजलं, पावडर थोडी थोडी भुरभुरली, चमच्याच्या दांड्याने ढवळली, झाकण लावलं. आत नुसतं गढूळ, बुडबुड्यांनी भरलेलं. "झालं. आता संस्थेत नेऊन दुसरं रसायन घालायचं आणि साच्यात ओतायचं," म्हणाले आणि बाटली टेबलावर आडवी ठेवली.

मग सहज जावयाचा विषय निघाला. जावयाने न विचारता कुत्रा आणला होता, तो लेकीपेक्षा काकांच्या व्याह्यांचं जास्त ऐकत होता, आणि त्यावरून त्या घरात दोन तट पडले होते. काका रंगात आले. आणि त्यांचा उजवा तळवा त्या बाटलीवरून पुढे-मागे, पुढे-मागे, लाटणं फिरवावं तसा हलकेच फिरत राहिला. वीस मिनिटांनी गोष्टीतला कुत्रा सोफ्यावर झोपू लागला होता आणि बाटलीतलं पाणी आरशासारखं स्वच्छ झालं होतं.

मी लिहिलेलं वाचून दाखवलं.

"बाटली लाटतो? मी?"

"जावयाचं नाव निघालं तेव्हापासून," हे म्हणाले. त्यांच्या हातात मोजा होता. तो त्यांच्याच चपलेत निघाला होता.

काकांनी बाटली उचलून उजेडात धरली. बुडबुडा म्हणजे आतून आधीच दिलेली चीर, ते म्हणाले. ढवळलं की बुडबुडे भरतात. लाटताना ते हळूहळू निसटतात, गुठळ्याही विरतात. एकतीस वर्षं हे कागदावर आलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी तो कामातला वेळच नव्हता.

दोन दिवसांनी पुन्हा टकटक. "फाटली," काका दारातच म्हणाले. "वीस मिनिटं मोजून लाटली बाईंनी. आत साबणासारखा फेस."

"लाटताना तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर. त्यांना संकोच नको म्हणून."

एकटीने, घड्याळाकडे बघत लाटायचं म्हणजे हात घाईवर येणारच. मी म्हटलं, "उद्या समोर बसा आणि बोलत राहा."

"त्यांच्याशी? काय बोलू?"

"कुत्रा आहे की."

निवृत्तीला तीन दिवस उरले असताना बाईंनी ओतलेली पट्टी साहेबांनी स्वतः चिरली आणि ओढली. चीर बेडकाच्या तोंडासारखी उघडली, रुंदावली, पण जागची हलली नाही. साहेबांचे हात पुरेनात, तेव्हा दुसरं टोक काकांनी धरलं आणि ते चालत चालत खिडकीपर्यंत गेले. सगळे पट्टीकडे बघत होते. बाईंनी मात्र हळूच विचारलं, "पण त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?" महिन्याभरातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य, असं काका सांगतात.

शेवटच्या दिवशी सकाळी काका आले ते कृतीची सुधारलेली प्रत घेऊन. "बाटली हलक्या हाताने वीस मिनिटे लाटावी," हे त्यात छापलं होतं. खाली थोडी जागा कोरी होती. तिथे काय हवं ते लिहा, असं साहेबांनी सांगितलेलं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे, वहिनी. एकच मागणं आहे, लिहून द्या."

मी पेन उघडलं. काकांनी थांबत थांबत सांगितलं, आणि मी त्यांच्याच शब्दांत उतरवलं:

"मी गेल्यावर बाई बाटली लाटायला बसतील तेव्हा त्यांना एकटं ठेवू नका. कोणीतरी समोर बसून त्यांच्याशी बोलत जा."